आईनं किती रडायचं? ‘पिएता’ म्हणजे काय ते सोप्या भाषेत

२०२४ मध्ये वर्ल्ड प्रेस फोटो या बातमीच्या फोटोंच्या जागतिक स्पर्धेनं वर्षातला सर्वोत्तम म्हणून निवडलेला फोटो तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. गाझातल्या खान युनिसचं नासेर हॉस्पिटल, तारीख १७ ऑक्टोबर २०२३, जमिनीवर बसलेली एक बाई, डोकं इतकं खाली घातलेलं की चेहरा दिसतच नाही, आणि मिठीत पांढऱ्या कापडात गुंडाळलेली एक लहान मुलगी, पाच वर्षांची, हल्ल्यात मारली गेलेली. रॉयटर्सच्या मोहम्मद सालेमनं काढलेला फोटो. तो आला आणि जगभर लोकांनी लिहायला सुरुवात केली की ही ‘गाझाची पिएता’ आहे. आमच्या घरच्या ग्रुपवरही कुणीतरी तो टाकला आणि खाली मावशीनं विचारलं, पिएता म्हणजे काय गं, त्या बाईचं नाव आहे का?

नाव नाही ते. पण मावशीचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही, कारण हा शब्द आता सगळीकडे दिसतो, युद्धाचा फोटो असो नाहीतर भूकंपाचा, आणि तो कुठून आला हे कुणी सांगत बसत नाही. म्हणून हे सगळं एकदा नीट, पहिल्यापासून.

शब्दाचा अर्थ

पिएता हा इटालियन शब्द, अर्थ करुणा, दया. मूर्तीच्या किंवा चित्राच्या बाबतीत तो एका ठरावीक दृश्याला वापरतात: येशूला क्रुसावरून खाली उतरवलंय, तो मेलेला आहे, आणि त्याची आई मरिया त्याला मांडीवर घेऊन बसली आहे. बस, एवढंच. दोनच माणसं. आजूबाजूला शिष्य नाहीत, शिपाई नाहीत, गर्दी नाही. अजून चारपाच जण भोवती रडताना दाखवले तर त्याला शोकदृश्य म्हणतात, आणि आई एकटीच असेल, छातीत तलवारी रुतलेल्या असतील तर ती ‘दुःखी माता’. पण मांडी आणि मांडीवर मेलेला मुलगा दिसला की ती पिएता.

आता यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट आधीच सांगून टाकते. हे दृश्य म्हणजे नुसतं दुःखाचं चित्र नाही, एका फार जुन्या वादाचं उत्तर आहे ते. वाद असा की मुलगा गेल्यावर आईनं किती रडायचं, आणि चारचौघांत रडायचं का. दीड हजार वर्षं धर्मगुरू, कवी, शिल्पकार यावर भांडत आलेत.

हे बायबलमध्ये कुठे आहे?

कुठेच नाही. बऱ्याच लोकांना हे खरं वाटत नाही, पण येशूचं चरित्र सांगणारी चार शुभवर्तमानं आहेत, मत्तय, मार्क, लूक आणि योहान, आणि चारांपैकी एकातही मरियेनं मेलेल्या मुलाला मांडीवर घेतलं असं लिहिलेलं नाही. आई क्रुसापाशी होती हे सुद्धा फक्त योहान सांगतो आणि तोही एका ओळीत, की क्रुसाजवळ त्याची आई उभी होती. नंतर अरिमथाईचा योसेफ नावाचा एक अनुयायी येतो, देह मागून घेतो, निकदेम नावाचा माणूस मदतीला असतो, सुगंधी द्रव्यं लावून तागाच्या कापडात गुंडाळतात आणि थडग्यात ठेवतात. आई त्या वेळी काय करत होती, काय बोलली, रडली का, यावर एक अक्षर नाही.

फक्त लूकमध्ये, फार आधी, येशू तान्हा असताना आईबाप त्याला देवळात घेऊन जातात तेव्हा शिमोन नावाचा म्हातारा तिला सांगतो की तुझ्या काळजातून तलवार जाईल. तलवारींची ती चित्रं इथून आली. बाकी सगळं लोकांनी मागून भरलंय.

म्हणजे आपल्याकडे एखाद्या घरात माणूस गेला आणि कागदावर फक्त वेळ, तारीख, कोण कोण आलं होतं एवढंच राहिलं तर पुढच्या पिढीतल्या बाया विचारणारच ना, की अगं पण तिचं काय झालं त्या दिवशी? तसंच झालं हे.

‘उभी होती’ या दोन शब्दांवरून

चौथ्या शतकात मिलानला अँब्रोज नावाचा बिशप होता, फार मोठा माणूस, त्यानं स्पष्ट लिहून ठेवलंय की ती उभी होती असं मी वाचतो, ती रडली असं मी वाचत नाही. म्हणजे त्याच्या मते मरियेचं मोठेपण यातच की ती कोसळली नाही, मुलाच्या मरणानं जगाचं भलं होणार हे तिला कळलं होतं. त्याच काळात तिकडे पूर्वेला जॉन क्रिसोस्टम नावाचा धर्मगुरू मयताच्या वेळी पैसे देऊन रडायला बोलावलेल्या बायकांवर तुटून पडत होता, असल्या बाया आणाल तर चर्चबाहेर काढीन इथपर्यंत. कारण ख्रिस्ती विश्वास म्हणतो की मेलेला माणूस परत उठणार आहे, मग छाती पिटून आक्रोश करणं म्हणजे तुमचा विश्वासच नाही असा त्याचा मुद्दा.

मुद्दा म्हणून बरोबर असेल. पण माझ्या आत्याचा मुलगा अपघातात गेला तेव्हा मी पंधरा वर्षांची होते आणि मला आठवतंय की घरातली मोठी माणसं तिला सारखं सांगत होती, रडू नकोस, त्याच्या आत्म्याला त्रास होईल, सावर आता. आणि आत्या कुणाचंच ऐकत नव्हती, रडतही नव्हती, ती नुसती त्याचे तळपाय चोळत बसली होती, गार पडलेत म्हणून. रडू नका म्हणणाऱ्या प्रत्येक धर्मात, प्रत्येक गावात ही पाय चोळणारी बाई असतेच, आणि तिचं काय करायचं हा प्रश्न उपदेशानं सुटत नाही.

चर्चमध्येही नाही सुटला. सहाव्या शतकात रोमानोस नावाच्या ग्रीक कवीनं एक मोठं पद रचलं, त्यात मरिया क्रुसाकडे नेल्या जाणाऱ्या मुलाच्या मागे जाते आणि आक्रोश करत त्याला विचारते की कुठे चाललास, कशासाठी, आणि तो तिला समजावतो, रडू नकोस. म्हणजे समजावण्याचं काम मुलाकडे दिलंय पण बोलायला आईलाही जागा मिळाली, भरपूर. एकदा ती जागा मिळाल्यावर पुढे ती वाढतच गेली. ११६४ सालचं एक भित्तिचित्र आहे, आजच्या उत्तर मॅसेडोनियात स्कोप्येजवळ नेरेझी गावच्या चर्चमध्ये, त्यात मरिया जमिनीवर बसून मुलाचा देह दोन्ही बाजूंनी पायात धरते, हातांनी कवटाळते आणि गालाला गाल लावते. भुवया वर ओढलेल्या, कपाळावर आठ्या. हे चित्र काढणाऱ्याचं नाव कुणाला माहीत नाही पण त्यानं रडलेली बाई जवळून पाहिली होती यात मला शंका नाही.

मग मांडी कुठून आली?

जर्मनीतून. साधारण १३०० च्या आसपास ऱ्हाईन नदीच्या खोऱ्यात लाकडात कोरलेल्या मूर्ती दिसायला लागतात, त्यांना तिकडे फेस्परबिल्ड म्हणतात, म्हणजे संध्याकाळच्या प्रार्थनेची मूर्ती. गुड फ्रायडेला दुपारी येशू मेला आणि रात्र पडायच्या आत त्याला पुरलं, त्या मधल्या वेळात संध्याकाळची प्रार्थना येते, आणि त्या मधल्या वेळात आई काय करत असेल याचं ध्यान करायला ही मूर्ती. बहुतेक मठांमधून, जोगिणी, साधू समोर बसून एकटे बघायचे.

हे तेव्हाच का झालं? तर त्याच्या आधीच्या शतकात असिसीचा फ्रान्सिस होऊन गेला होता, त्यानं आणि त्याच्या मागच्या साधूंनी लोकांना शिकवलं की येशूला सिंहासनावरचा राजा म्हणून लांबून बघू नका, गोठ्यातलं बाळ म्हणून बघा, दुखणं सोसणारा माणूस म्हणून बघा. लॅटिनमधलं ‘स्ताबात मातेर’ हे प्रसिद्ध भजन १३व्या शतकातलंच, आणि त्याचा पहिलाच शब्द म्हणजे ‘उभी होती’. गंमत नाही ही, फार महत्त्वाचं आहे, कारण शब्द तोच जुना पण आता ती उभी राहून रडते आहे, आणि भजन गाणारा तिला विनवतो की तुझ्या दुःखातला वाटा मला दे.

बॉनच्या म्युझियममध्ये यातली एक मूर्ती आहे, रोटगेन पिएता म्हणून ओळखतात. उंची नव्वद सेंटीमीटरच्या आसपास, लाकूड लिंडन झाडाचं, पूर्वी पूर्ण रंगवलेली. ही मूर्ती सुंदर नाही आणि ती सुंदर नसणं मुद्दाम आहे. येशूचं शरीर वाळून काटकी झालंय, बरगड्या मोजता येतात, मान मागे लटकलीय, आणि जखमांमधून आलेलं रक्त द्राक्षांच्या घडासारखं गोठून लोंबतंय. मरियेचं डोकं अंगाच्या मानानं मोठं. आणि तिचा चेहरा, तो नुसता दुःखी नाहीये, तिला कळतच नाहीये की हे काय झालं, मला तर त्यात रागही दिसतो. पहिल्यांदा फोटो पाहिला तेव्हा मी तो बंद केला होता. नंतर परत उघडला, कारण जेव्हा कुणी ‘दैवाची इच्छा’ म्हणतं तेव्हा ऐकणाऱ्या आईचा चेहरा असाच होतो.

यातली खरी करामत म्हणजे मांडी. कारण मरियेच्या मांडीवर बाळ येशू हे चित्र शेकडो वर्षांपासून प्रत्येक चर्चमध्ये होतं, लोकांच्या डोळ्यांत बसलेलं होतं. कारागिरानं बसण्याची पद्धत तीच ठेवली आणि बाळाच्या जागी प्रेत ठेवलं. बघणाऱ्याला कुणी काही समजावून सांगायची गरजच नाही, येशूच्या आयुष्याची तेहेतीस वर्षं एका क्षणात दिसतात.

मायकेलअँजेलोची ती प्रसिद्ध पिएता

बहुतेकांना माहीत असते ती ही, रोमला व्हॅटिकनच्या सेंट पीटर्समध्ये. २७ ऑगस्ट १४९८ ला करार झाला, मूर्ती मागवणारा होता फ्रेंच कार्डिनल जाँ द बिलेर, स्वतःच्या थडग्यासाठी हवी होती. फ्रेंच माणूस होता हे लक्षात घ्या, कारण मांडीवरच्या या मूर्तीची आवड तोवर आल्प्सच्या उत्तरेकडे जास्त होती. किंमत ४५० डुकाट, म्हणजे सोन्याची नाणी, मुदत एक वर्ष, आणि जामीन राहिलेल्या याकोपो गाल्लीनं कागदावर लिहून दिलं की आज रोममध्ये आहे त्यापेक्षा सुंदर संगमरवरी काम होईल. शिल्पकार २३ वर्षांचा पोरगा. तो स्वतः इटलीतल्या करारा गावच्या संगमरवराच्या खाणीत जाऊन दगड निवडून आला.

आता मूर्ती बघताना एक अडचण लक्षात घ्या. पूर्ण वाढलेला पुरुष बाईच्या मांडीवर आडवा ठेवला तर डोकं आणि पाय दोन्हीकडून बाहेर लोंबणार, विचित्र दिसणार. जुन्या जर्मन मूर्तींमध्ये कधी येशूला लहान करायचे कधी लाकडासारखा ताठ. मायकेलअँजेलोनं मरियेलाच मोठी केली. ती उठून उभी राहिली तर राक्षसी उंचीची होईल. पण आपल्या लक्षात येत नाही, कारण कमरेखाली कापडाचा प्रचंड घोळ आहे, चुणीवर चुणी, गुडघे पसरलेले, जशी नऊवारी नेसलेली म्हातारी मांडी घालून बसली की तिच्या लुगड्यात दोन नातवंडं मावतात तसं. त्या घोळात मुलगा अलगद बसतो.

आणि तिचे हात बघा, चेहऱ्याआधी हातच बघा. उजवा हात मुलाच्या काखेखाली आहे, त्याला उचलून धरलंय, पण हाताची बोटं थेट त्याच्या अंगाला लागत नाहीत, मधे कापड आहे. पवित्र गोष्टीला उघड्या हातानं धरत नाहीत म्हणून. तरी त्या बोटांच्या दाबानं काखेजवळचं मांस किंचित वर आलंय, दगडात. मेलेल्या माणसाचं अंग जड होतं आणि सैल पडतं हे ज्यानं कधी प्रेत उचललंय त्यालाच माहीत असतं. डावा हात मात्र रिकामा, तळवा वर केलेला. तो हात काही धरत नाही. मला तो हात म्हणजे त्या मूर्तीतला एकमेव आवाज वाटतो, कारण चेहरा शांत आहे, एक अश्रू नाही. अँब्रोजला ही मूर्ती आवडली असती.

पण ती एवढी तरुण कशी?

हा प्रश्न तेव्हाही लोकांनी विचारला. मुलगा ३३ वर्षांचा, आई जास्तीत जास्त विशीतली दिसते. त्याचा चरित्रकार कोंदिवी सांगतो की मायकेलअँजेलोनं उत्तर दिलं, पवित्र राहिलेल्या बायका जास्त काळ ताज्या राहतात, आणि मरिया तर कुमारी. हे धर्माचं उत्तर झालं. काही अभ्यासक म्हणतात की इटालियन कवी दांतेच्या काव्यात मरियेला तुझ्याच मुलाची मुलगी असं म्हटलंय, तो विचार इथे आहे. काहीजण आठवण करून देतात की मायकेलअँजेलो सहा वर्षांचा असताना त्याची आई गेली होती, तिला म्हातारी झालेली त्यानं पाहिलंच नाही.

मला यातलं कुठलंही उत्तर चूक वाटत नाही पण अजून एक साधं कारण दिसतं, मांडीचंच. बाळ घेऊन बसलेली आई तरुण असते. तिला तरुण ठेवलं की बाळ आणि प्रेत दोन्ही एकदम दिसतात. ज्या बायकांची मुलं गेलीत त्या सांगतात की मला तो अजून रांगताना दिसतो, तीच ही गोष्ट.

ता. २१ मे १९७२ ला, पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या रविवारी, एका माणसानं कठडा ओलांडून हातोडीनं या मूर्तीवर घाव घातले, मीच येशू आहे असं ओरडत. तो मानसिक रुग्ण होता, त्याला नंतर इस्पितळात ठेवलं. मरियेचा डावा हात कोपरापासून तुटला, तोच रिकामा हात, नाकाचा तुकडा उडाला, डोळ्याची पापणी गेली. मग चर्चा झाली की तुटलेली तशीच ठेवायची का, जखमा दिसू द्यायच्या का, आणि शेवटी जुन्या साच्यांवरून मोजमाप घेऊन जोडली. तेव्हापासून ती बुलेटप्रूफ काचेमागे आहे. घाव येशूवर नाही, आईवर पडले, याचा मी अनेकदा विचार केलाय, उत्तर मिळालं नाही.

ती बेशुद्ध पडली का?

जुना वाद मधेच परत उसळला तो असा. १४३५ च्या सुमारास आजच्या बेल्जियममध्ये रोगियर व्हान डर वायडननं क्रुसावरून देह उतरवतानाचं एक मोठं चित्र काढलं, आता माद्रिदच्या प्रादो म्युझियममध्ये आहे. त्यात मरिया कोसळली आहे, पांढरीफटक, आणि तिच्या अंगाची वाकण हुबेहूब वरून उतरवल्या जाणाऱ्या मुलाच्या अंगाच्या वाकणीसारखी. त्याचा हात लोंबतोय, तिचाही. न बोलता सांगितलंय की तो मेला तेव्हा तिचंही अर्धं मरण झालं. आणि अश्रू, प्रत्येक अश्रू वेगळा रंगवलाय, गालावर थांबलेला.

लोकांना हे इतकं भावलं की मरियेच्या मूर्च्छेचा वेगळा सण सुरू करावा अशी मागणी पोपकडे गेली. १५०६ मध्ये कायेतान नावाच्या विद्वानानं त्यावर मत दिलं: नाही. का, तर शुद्ध हरपणं म्हणजे मन ताब्यात नसणं, तिनं तर पूर्ण शुद्धीत दुःख सोसलं, आणि योहान म्हणतो ती उभी होती. अकराशे वर्षांनी परत तेच दोन शब्द! बोलोन्यात मात्र निक्कोलो देल्लार्काच्या भाजक्या मातीच्या माणसाएवढ्या मूर्ती तोपर्यंत तोंड उघडून किंचाळत होत्या, येशूची शिष्या मग्दालेना तर धावत येते आहे, अंगावरचं कापड मागे उडतंय, आणि आजही सांता मारिया देल्ला वितामध्ये त्या तशाच किंचाळतायत. पंडित एकीकडे, कुंभार एकीकडे.

पुढे प्रोटेस्टंट चळवळीत झुरिच, बासेल अशा शहरांतून चर्चमधल्या मूर्ती काढून टाकल्या, कारण लोक मूर्तीलाच देव मानतात अशी त्यांची तक्रार. कॅथलिक उत्तर असं की नमस्कार लाकडाला नाही, ज्याची मूर्ती त्याला. हा वाद आपल्याला नवा नाही, त्यामुळे त्यात जास्त शिरत नाही.

ख्रिस्ती नसलेल्या माणसाचा याच्याशी काय संबंध?

यासाठी केटे कोलविट्झची गोष्ट सांगावी लागते, आणि ही मला सगळ्यात जास्त लागते. जर्मन चित्रकार, बर्लिनच्या गरीब वस्तीत नवरा डॉक्टर. १९०३ मध्ये तिनं मेलेलं मूल कवटाळून बसलेल्या बाईचं चित्र केलं, एखाद्या जनावरासारखी ती त्याच्यावर वाकली आहे. त्यासाठी ती आरशासमोर स्वतःच बसली होती, मांडीवर सात वर्षांचा धाकटा मुलगा पीटर. १९१४ ला युद्ध सुरू झालं, पीटर १८ चा, सैन्यात जायचं म्हणून हट्ट धरून बसला. वयामुळे वडिलांची परवानगी लागत होती आणि ते नाही म्हणत होते, केटेनं मध्ये पडून त्यांना तयार केलं. ऑक्टोबर १९१४ मध्ये तो बेल्जियममध्ये मारला गेला.

१९३७ ते ३९ मध्ये, म्हातारपणी, तिनं एक छोटी मूर्ती केली, सुमारे ३८ सेंटीमीटरची. आई बसली आहे आणि मुलगा तिच्या गुडघ्यांच्या मधे जवळजवळ शिरलाय, जसा परत पोटात जायला बघतोय. एक हात तिच्या तोंडापाशी. तिनं स्वतः लिहिलंय की हे पिएतासारखं काहीतरी झालंय, आणि यात आता कळ नाही, विचारात बुडणं आहे, आणि ही मूर्ती धार्मिक नाही. १९९३ मध्ये तिची मोठी केलेली प्रत बर्लिनच्या नॉये वाखेमध्ये, म्हणजे युद्ध आणि जुलमाच्या बळींच्या स्मारकात, ठेवली. खोली पूर्ण रिकामी, छताला मधोमध गोल भोक, त्यातून पाऊस आणि बर्फ थेट त्या आईवर पडतो.

तिथेही आक्षेप आलेच, आणि ते खरे आहेत. ज्यू लोकांचं म्हणणं की लाखो ज्यू मारले गेले, अख्खी कुटुंबं आयांसकट, त्यांची आठवण ख्रिस्ती मूर्तीनं कशी ठेवता? आणि मारणारे सैनिक आणि मारले गेलेले दोघांसाठी एकच आई कशी? मांडीची प्रतिमा सगळ्यांना कवेत घेते हे तिचं बळ, पण कुणाला कुणी मारलं हे त्यात पुसलं जातं.

फोटोंचं काय?

इथे मी त्या पहिल्या फोटोकडे परत येते. गाझाच्या फोटोतली ती बाई आई नाहीये. ती त्या मुलीची नातलग आहे, मुलगी तिची भाची. मुलीची आई सुद्धा त्याच हल्ल्यात गेली होती. पण कितीतरी लोकांनी पोस्ट करताना बेधडक आई लिहिलं.

असं आधीही झालंय. १९९७ मध्ये अल्जीरियातल्या बेंतल्हाच्या हत्याकांडानंतर भिंतीला टेकून आक्रोश करणाऱ्या बाईचा फोटो जगभर गेला, त्याला मॅडोना, म्हणजे मरिया, म्हणाले, तिची आठ मुलं गेली असं खाली छापलं. नंतर कळलं की मुलं नव्हे, तिचा भाऊ आणि जवळचे नातलग गेले होते. २०११ मध्ये येमेनच्या सना शहरातला फोटो, पूर्ण काळ्या बुरख्यातली आई आणि तिच्या मिठीत उघड्या अंगाचा मुलगा, तोही पिएता म्हणून गाजला आणि वर्ल्ड प्रेस फोटो ठरला. तो मुलगा जिवंत होता, अश्रुधुरानं घायाळ झालेला, पुढे बराही झाला.

म्हणजे साचा इतका पक्का बसलाय की आपण समोरच्या माणसाला त्यात घालून बघतो. याला काहीजण म्हणतात की मग हे दुःखाचं सौंदर्य करून विकणंच झालं. मला अर्धं पटतं. साचा नसता तर त्या फोटोपाशी आपण थांबलोच नसतो, बोट वर सरकवून पुढे गेलो असतो. पण थांबल्यावर खालची ओळ वाचायला हवी, ती कोण, मूल कोणाचं, कुणी मारलं. तेवढं काम मूर्ती करत नाही, ते आपल्याला करावं लागतं.

आपल्याकडे?

आहे की. सप्टेंबरात ८ तारखेच्या आसपास वांद्र्याला माउंट मेरीची जत्रा भरते तो मरियेचा जन्मदिवस, आणि बरोबर आठवड्यानं १५ सप्टेंबरला तिच्या दुःखांचा दिवस असतो, तिकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. मुंबईत सोनापूरला, धोबी तलावाजवळ, दुःखी मातेच्या नावाचं चर्चच आहे. गोव्यात गुड फ्रायडेला येशूचा देह मिरवणुकीनं नेतात आणि मागून सायबिणीची, म्हणजे मरियेची, शोकातली मूर्ती चालते. त्या दिवशी घंटा वाजत नाहीत, लाकडी खुळखुळ्यासारखं वाद्य वाजवतात.

आणि पंढरपूरला जन्मलेले एम. एफ. हुसेन. मदर तेरेसांवरची त्यांची चित्रं आठवा, निळ्या काठाची पांढरी साडी आणि चेहऱ्याच्या जागी नुसता काळोख. त्यातल्या काहींत त्या साडीच्या मांडीवर आडवा माणूस आहे, पिएताच ती. हुसेन तान्हे असतानाच त्यांची आई गेली होती, तिचा चेहरा त्यांना आठवत नव्हता. त्यामुळे चेहरा नाही, पण मांडी आहे.

मायकेलअँजेलोची दुसरी एक पिएता

शेवटी हिच्याबद्दल, कारण हिला फार कमी लोक बघायला जातात. तरुणपणी ती गुळगुळीत मूर्ती करणाऱ्या माणसानं म्हातारपणी परत दोनदा हाच विषय घेतला. एक फ्लॉरेन्समध्ये आहे, त्यानं स्वतःच ती रागानं फोडली होती. दुसरी रोंदानिनी पिएता, मिलानच्या स्फोर्झा किल्ल्यात. १५६४ च्या फेब्रुवारीत, ८९ व्या वर्षात, मरायच्या काही दिवस आधीपर्यंत तो तिच्यावर छिन्नी चालवत होता.

ती अपुरी आहे. दगड खडबडीत, चेहरे जेमतेम. आधी कोरलेली मूर्ती त्यानं मोडून परत लहान केली, त्यामुळे जुन्या येशूचा एक तुटका हात बाजूला तसाच उभा आहे, कुणाच्याच अंगाला न जोडलेला. आणि इथे मांडी नाही. आई उभी आहे. मुलाच्या मागे उभं राहून तिनं त्याला काखेतून धरून उभा केलाय, दोघांचे देह एकमेकांत मिसळलेत, आणि बराच वेळ बघितलं तर कळेनासं होतं की तिनं त्याला धरलंय की त्यानं तिला पाठीवर घेतलंय. अँब्रोजची उभी आई, पण ताठ मुळीच नाही.

२०१५ पासून ती किल्ल्यातल्या एका जुन्या दालनात ठेवली आहे, तिथे १६व्या शतकात स्पॅनिश सैनिकांचं इस्पितळ होतं. ठेवताना एक फार विचारानं केलेली गोष्ट आहे. दारातून आत गेलं की मूर्तीचा पुढचा भाग दिसत नाही. आधी आईची वाकलेली पाठ दिसते.